खिडकी, दुपटं आणि तान्हुलं: घरच्या घरी नवजात बाळाचे फोटो कसे काढावेत

माझ्या बहिणीचं पहिलं बाळंतपण माहेरी, आमच्या कोथरूडच्या फ्लॅटमध्ये झालं. भाची दवाखान्यातून घरी आली त्या संध्याकाळी मी ट्यूबलाइट लावून, पलंगावर वाकून फोनने साठेक फोटो काढले. एकातही ती तिच्यासारखी दिसत नव्हती. चेहरा हिरवट, नाक मोठं, मागे औषधांच्या बाटल्या. आठव्या दिवशी आईने त्या खोलीतला हळदी रंगाचा पडदा धुवायला काढला. खिडकीपाशी बसून ती नातीला टोपडं बांधत होती आणि उघड्या खिडकीतला उजेड बाळाच्या कपाळावरून हनुवटीपर्यंत उतरत होता. त्या वेळी काढलेला फोटो अजून आमच्या हॉलमध्ये आहे. फोन तोच होता. पुढे नात्यातली, सोसायटीतली बरीच बाळं टिपली, पण खरं शिकले ते त्या सकाळी: उजेडाची जागा आधी ठरवायची, बाळाला तिथे सुखाने राहू द्यायचं आणि हलायचं ते आपण.

१. बाळ यायच्या आधी नारळावर सराव करा

सोललेला नारळ दुपट्यात गुंडाळा आणि घरातल्या प्रत्येक खिडकीपाशी ठेवून फोटो काढा. नारळ गोल असल्याने उजेड कुठून येतो आणि सावली कुठे पडते ते लगेच कळतं. सकाळी ८, ११ आणि दुपारी ४ वाजता, तीन वेळा करा. घरातली सगळ्यात चांगली खिडकी कोणती आणि तिची वेळ कोणती, हे दोन दिवसांत समजतं.

पूर्वेच्या खिडकीत सकाळी लवकर थेट ऊन येतं आणि ग्रिलच्या पट्ट्या बाळाच्या अंगावर पडतात. अशा वेळी खिडकीला पांढरं मलमल किंवा जुनं धोतर बांधा, ऊन मऊ होतं. उत्तरेची खिडकी एरवी दिवसभर शांत उजेड देते. मात्र मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत दुपारचा सूर्य पुण्याच्या किंचित उत्तरेला असतो, त्यामुळे त्या दिवसांत तिथेही ऊन डोकावतं. पावसाळ्यात बाळ आलं असेल तर नशीबवान आहात, ढगाळ आभाळासारखा उजेड विकत मिळत नाही. पेठांतल्या जुन्या वाड्यांत खिडक्या लहान असतात. तिथे माजघरात धडपडण्यापेक्षा चौकाकडे उघडणाऱ्या दाराच्या आत, सावलीत बसा.

२. खोली तयार करा

ट्यूब, बल्ब, देवघरातला रंगीत दिवा सगळं बंद. खिडकीचा उजेड निळसर आणि बल्बचा पिवळा असतो. दोन्ही एकत्र आले की बाळाचा एक गाल एका रंगाचा आणि दुसरा दुसऱ्या रंगाचा दिसतो, आणि हे नंतर नीट करता येत नाही. रंगीत पडदेही बाजूला सारा.

जमिनीवर गादी, तिच्यावर साधी गोधडी किंवा पांढरं दुपटं ताणून घाला. खिडकीपासून दोन-तीन फूट पुरे. बाळाचं डोकं खिडकीच्या बाजूला, जरा तिरकं येईल अशी गादी आधीच फिरवून ठेवा. मग उजेड कपाळाकडून हनुवटीकडे जातो आणि नाकाखाली छोटीशी सावली पडते. उलट ठेवलं तर उजेड हनुवटीखालून नाकपुड्यांत शिरतो आणि गोड चेहराही विचित्र दिसतो. अंधाऱ्या बाजूला कुणी पांढरा पंचा धरला की तिकडची सावली उजळते.

खोली २५ ते २८ अंशांच्या आसपास हवी. डिसेंबर-जानेवारीच्या पुण्यातल्या सकाळी तेवढी ऊब नसते, तेव्हा फोटोसाठी बाळाला उघडं करू नका. झबलं, टोपडं आणि तुळशीबागेतून आणलेली कुंची यांत बाळ जास्त शोभतं, असं माझं ठाम मत आहे. पंख्याचा झोत थेट अंगावर नको.

३. वेळ बाळाची

नवजात बाळ दिवसाचे साधारण १४ ते १७ तास झोपतं, पण तुकड्या-तुकड्यांनी. आमच्याकडे सगळ्यात लांब तुकडा मालिश, अंघोळ आणि दूध यांच्यानंतरचा असे, म्हणजे साडेदहा-अकराच्या पुढे. पूर्वेचं ऊनही तोवर खिडकीतून सरकलेलं असतं. दूध झालं, ढेकर निघाली की वीसेक मिनिटं थांबा.

बाळ आधी हलक्या झोपेत जातं. पापण्यांखाली बुबुळं फिरतात, ओठ मुडपतात आणि मधेच हसू येतं. आजी म्हणते, सटवाई हसवतेय. ते हसू पाहायचं तर फोन आधीपासून हातात आणि फोकस लावलेला हवा, ते दोन सेकंदांत जातं. हात सैल पडले, मुठी उघडल्या की झोप गाढ झाली. बोटं, कानाची पाळी, डोक्यावरचा भोवरा, मानेवरची लव आता जवळून टिपा. पहिल्या दोन आठवड्यांत बाळ पोटातल्यासारखं आपोआप दुमडून झोपतं, म्हणून ५ ते १४ हे दिवस सोडू नका. नाळेचा तुकडा साधारण एक ते तीन आठवड्यांत आपणहून गळतो. त्याला हात लावू नका, लंगोट त्याच्या खाली दुमडा.

जागं असताना बाळाला साधारण २० ते ३० सेंटिमीटरवरचं सगळ्यात बरं दिसतं, म्हणजे मांडीवरून आईच्या चेहऱ्याइतकं अंतर. त्याने तुमच्या फोनकडे बघावं म्हणून खुळखुळा वाजवण्यात अर्थ नाही. आईला जवळ वाकू द्या, तुम्ही बाजूला बसा.

४. फोन आणि कॅमेरा

फोनची काच मऊ कापडाने पुसा. घरात सगळ्यांच्या हातांना बाळाचं तेल असतं आणि अर्धे धुरकट फोटो त्यामुळेच येतात. फ्लॅश आणि शटरचा आवाज बंद करा, दोन्हींनी बाळ दचकतं. रुंद लेन्सने जवळ जाऊ नका, नाक फुगतं. दोनपट झूम लावून एक पाऊल मागे सरका. बंद पापणीवर बोट दाबून धरा, म्हणजे फोकस आणि उजेड तिथे अडकून राहतो. मग पडद्यावरची पट्टी ओढून उजेड किंचित कमी करा, पांढऱ्या दुपट्याची वीण दिसायला लागेल. पाठची बाजू धूसर करणारा मोड जावळाच्या कडा खातो, मी तो वापरत नाही.

कॅमेरा असेल तर ५० मिलिमीटरची लेन्स, छिद्र (लेन्समधलं उजेड आत घेणारं भोक) एफ २.८ ते एफ ४, शटरचा वेग १/१६० सेकंद किंवा जास्त आणि आयएसओ, म्हणजे उजेड टिपण्याची संवेदनशीलता, १६०० पर्यंत बिनधास्त. छिद्र याहून मोठं, म्हणजे एफचा आकडा याहून लहान ठेवला तर पापणी स्पष्ट आणि नाक धूसर येतं.

५. हे करू नका

हनुवटी हातांवर टेकवून बसलेल्या बाळाचे फोटो तुम्ही पाहिले असतील. ते दोन फोटो जोडून केलेले असतात. एकात कुणी डोकं धरलेलं असतं, दुसऱ्यात मनगटं. तान्ह्या बाळाची मान स्वतः उभी राहत नाही, घरी हे मुळीच करायचं नाही. झोळीत टांगणं, परडीत पालथं घालणं, अंगावर पाकळ्या आणि मणी पसरणंही नको. वरून फोटो काढायचा तर खुर्चीवर चढू नका. जमिनीवरच्या गादीशेजारी उभं राहा, फोनची दोरी मनगटात आणि कॅमेऱ्याचा पट्टा गळ्यात हवा. एका माणसाचा हात सतत बाळापाशी राहू द्या. तो हात फोटोत आला तर येऊ दे. सर्दी-खोकला असेल तर त्या दिवशी फोटो नको. धुरीचा धूर खिडकीच्या उजेडात सुंदर दिसतो, पण बाळाच्या श्वासाला तो वाईट. त्या फोटोचा मोह मी सोडला.

६. बाळाभोवतीची माणसं

आजीच्या पायांवरची अंघोळ, बाबांच्या करंगळीभोवतीची मूठ, मालिश करणाऱ्या बाईंचे तेलकट, सराईत हात. बाईंना आधी विचारा; आमच्याकडच्या ताईंनी हो म्हटलं आणि पदर नीट करून बसल्या. न्हाणीघरातल्या वाफेने लेन्स धुकते, म्हणून दारात पाच मिनिटं थांबा. बाळंतीण मात्र बहुतेक घरांत फोटोतून राहून जाते. ती दमलेली असते, केस विंचरलेले नसतात, "आत्ता नको" म्हणते. तिला पाठ खिडकीकडे अर्धवट वळवून बसवा, बाळ छातीशी असू दे, चेहरा दिसलाच पाहिजे असं नाही. फोटो तिला आधी दाखवा. तिला नको असेल तर पुसून टाका.

बाराव्या दिवशी बारसं असेल तर पाळण्याच्या पायथ्याशी, खिडकी कडेला येईल असे बसा आणि जमलेल्यांना फ्लॅश बंद ठेवायला आधीच सांगा. "गोविंद घ्या, गोपाळ घ्या" म्हणत बाळ पाळण्याच्या वरून-खालून या हातातून त्या हातात जातं, तेव्हा एका जागी बसलेल्यालाच सगळे हात नीट मिळतात.

७. नंतर

शंभरातले दहा ठेवा. पांढरं दुपटं पांढरं दिसेपर्यंत रंग सुधारा आणि थांबा. सालपटं निघणारी त्वचा, गालावरची तीट, कपाळावरचा लाल डाग पुसू नका. पण एक गोष्ट लक्षात ठेवा. पहिल्या आठवड्यात कावीळ सामान्यपणे दिसते. दुपटं पांढरं असूनही बाळ किंवा डोळ्यांचा पांढरा भाग पिवळा वाटला तर रंग बदलत बसू नका, डॉक्टरांना दाखवा.

कुणाला पाठवण्याआधी आई-वडिलांना विचारा, फोटोत साठवलेली जागेची नोंद (लोकेशन) काढून टाका, दवाखान्याचा पट्टा दिसत असेल तर तेवढा भाग कापा. मग चार बाय सहाचे प्रिंट काढून अल्बममध्ये लावा आणि प्रत्येकाखाली तारीख, खिडकी कोणती आणि बाळाला धरणारे हात कुणाचे, ते लिहून ठेवा.