नागपुरात इंजिनिअरिंग कॉलेज निवडताना

व्हीएनआयटी या केंद्राच्या संस्थेचं गणित वेगळं: तिथं जेईई मेन या देशपातळीवरच्या परीक्षेवर, जोसामार्फत (आयआयटी-एनआयटींची एकत्रित जागावाटप यंत्रणा) प्रवेश. बाकी बहुतेक कॉलेजं सीईटी या राज्याच्या प्रवेश परीक्षेच्या कॅप (केंद्रीय प्रवेश प्रक्रिया) फेऱ्यांत येतात. मागच्या वर्षीचे कटऑफ (किती गुणांवर प्रवेश थांबला ते आकडे) उघडून आपल्याच प्रवर्गाची ओळ बघा. खुल्या प्रवर्गाचा आकडा पाहून उगाच घाबरगुंडी होते. फॉर्ममध्ये कॉलेजांचे पर्याय भरताना मनातला क्रम लावा, ‘लागेल की नाही’ हा नाही. पहिल्या फेरीत पहिलाच पर्याय लागला की जागा पक्की होते, पुढच्या फेरीत बदल नाही. म्हणून नको असलेलं कॉलेज वर ठेवू नका.

ओबीसीसारख्या प्रवर्गातून अर्ज करत असाल तर नॉन-क्रीमीलेअर प्रमाणपत्रावरची तारीख आधी तपासा. त्याची मुदत ३१ मार्चला संपते आणि मुलं नेमकी जुनंच जोडतात.

कॉलेज बघायला सुट्टीच्या दिवशी जाऊ नका. चालू प्रॅक्टिकलमध्ये डोकवा: एका मशीनभोवती चार पोरं की चौदा? हिंगण्याकडचं कॉलेज असेल तर मेट्रो लोकमान्य नगरलाच संपते. पुढचा ऑटो रोजच्या खर्चात धरा.

पहिल्या सेमिस्टरला गणित तुंबू देऊ नका. बॅकलॉग (नापास होऊन मागे राहिलेले विषय) सहसा तिथूनच सुरू होतो. दर आठवड्याला जुन्या पेपरातले पाच प्रश्न हातानं सोडवा, नुसते वाचू नका.