अन्नाच्या हक्काचा आढावा घेताना या चुका टाळा

गावची दक्षता समिती असो वा सामाजिक अंकेक्षणाचे (गावकऱ्यांच्या सहभागाने होणाऱ्या योजनेच्या तपासणीचे) पथक, सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे तपासणीची सुरुवात रेशन दुकानातून करणे. दुकानाच्या नोंदीत यादीतलीच माणसे सापडतात. २०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याने ग्रामीण भागातील ७५ आणि शहरी भागातील ५० टक्क्यांपर्यंत लोकसंख्येला धान्याचा हक्क दिला खरा. परंतु राज्यांचे कोटे आजही २०११ च्या जनगणनेवर बेतलेले असल्यामुळे नंतर जन्मलेली मुले, लग्न होऊन आलेल्या सुना आणि वेगळी चूल मांडलेली कुटुंबे अनेकदा यादीबाहेरच राहतात. म्हणून आधी वस्तीत घरोघरी फिरून माणसे मोजावीत आणि मगच शिधापत्रिकेवरील नावे ताडून पाहावीत.

रेशन दुकानातील ई-पॉस मशीनची (ओळख पटवून धान्याची नोंद करणाऱ्या यंत्राची) पावती म्हणजे मिळालेले धान्य, असे समजणे ही दुसरी चूक. एका वस्तीवर पाच माणसांच्या प्राधान्य कुटुंबाच्या (ज्याला दरमहा माणशी पाच किलो धान्य मिळते) पावतीवर २५ किलोंची नोंद होती. पोते नुकतेच दारात उतरले होते, त्याला आम्ही तिथेच स्प्रिंगकाटा लावला, तर काटा साडेबावीसवर थांबला. “दर महिन्याला घट म्हणून कापतात,” असे त्या घरच्या आजींनी सांगितले. अशी घट कार्डधारकाच्या माथी मारता येत नाही. वजन मात्र पोते फोडण्यापूर्वीच करावे, कारण चार दिवसांनी काहीही सिद्ध करता येत नाही. शिवाय जानेवारी २०२३ पासून हे धान्य मोफत आहे; त्यामुळे पैसे घेतले का, हेही विचारावे.

अंगणवाडीतील मोजमापाची चूक अधिक गंभीर, कारण ती सहसा लक्षातच येत नाही. दोन वर्षांखालील मुलाची लांबी आडवे झोपवून मोजायची असते. उभे करून मोजल्यास ती साधारण पाऊण सेंटिमीटरने कमी भरते, उंचीच्या मानाने वजन बरे दिसते आणि तीव्र कुपोषित मूल ‘साधारण’ गटात जाते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील २५.६ टक्के मुले उंचीच्या मानाने कमी वजनाची आढळली होती. अशा राज्यात एखाद्या गावाच्या नोंदवहीत तीव्र कुपोषित मुलांची संख्या महिनोन्‌महिने शून्य असेल, तर समाधान मानण्याआधी मोजमाप पुन्हा करून घ्यावे. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलाच्या दंडाचा घेर साडेअकरा सेंटिमीटरपेक्षा कमी भरला, तर वजन काहीही असो, त्याला तातडीने आरोग्य केंद्रात पाठवावे.

पाहणीचा महिना चुकला, तरी निष्कर्ष चुकतात. ऊसतोडणीच्या हंगामात बीडसारख्या जिल्ह्यांत कितीतरी घरांना कुलूप असते आणि अहवालात ती ‘गैरहजर’ म्हणून वगळली जातात. त्या कुटुंबांना कारखान्याच्या परिसरात त्याच कार्डावर धान्य मिळाले का आणि त्यांच्या मुलांना तिथे अंगणवाडीचा आहार मिळतो का, हे फोन करून विचारता येते. मेळघाटात मात्र एक पाहणी भर पावसाळ्यात झालीच पाहिजे, कारण तिथे कुपोषण त्याच दिवसांत बळावते.

प्रश्न केवळ पुरुषांना विचारू नयेत. कायद्याने शिधापत्रिकेवर कुटुंबप्रमुख म्हणून घरातील १८ वर्षांवरील ज्येष्ठ स्त्रीचे नाव असते, आणि डबा तळाला कधी गेला हे तिलाच ठाऊक असते.

आढळलेल्या त्रुटी बैठकीत तोंडी मांडून थांबू नये. जिल्हा तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार द्यावी, पोच घ्यावी आणि दाद न मिळाल्यास राज्य अन्न आयोगाकडे अपील करावे. हक्काचे धान्य मिळालेच नसेल, तर कायद्याच्या कलम ८ नुसार अन्न सुरक्षा भत्त्याची मागणी त्याच अर्जात नोंदवावी.