पॅलिएटिव्ह केअरच्या प्रशिक्षणाला जाताय? मॉर्फिनच्या पलीकडचं थोडं

पॅलिएटिव्ह केअर म्हणजे गंभीर आजारात माणसाचा त्रास कमी करणारी देखभाल. तिच्यात नवीन येणाऱ्यांची पहिली धाव मॉर्फिनकडे, म्हणजे तीव्र वेदनेवरच्या औषधाकडे असते, आणि ते बरोबरच आहे. नियमित डोस, मधेच उसळणाऱ्या वेदनेसाठी जादा डोस, बद्धकोष्ठता होऊ नये म्हणून सुरुवातीपासून रेचक, हे सगळं तोंडपाठ हवं. वेदनेने तळमळणाऱ्या माणसाशी मनातलं काय बोलणार?

पण वेदना दहापैकी दोनवर आली तरी पेशंट भिंतीकडे तोंड करून पडलेला असतो, तेव्हा चार्ट बघून काही कळत नाही. १९६७ साली लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस (आयुष्याच्या शेवटच्या टप्प्यातल्या पेशंटची काळजी घेणारं केंद्र) सुरू करणाऱ्या सिसिली साँडर्स यांनी अशा दुःखाची चार अंगं मांडली: शारीरिक, मानसिक, सामाजिक, आध्यात्मिक. त्या स्वतः नर्स, समाजसेविका आणि डॉक्टर अशा तिन्ही भूमिकांतून गेलेल्या. ही चार नावं परीक्षेत लिहिता येतात. खाटेजवळ बसल्यावर त्यांचा गुंता सुटता सुटत नाही.

म्हणून रोल-प्ले टाळू नका. सुरुवातीला नाटकी वाटतो, मलाही वाटला. पेशंट झालेला सहकारी विचारतो, “डॉक्टर, माझे किती दिवस राहिले?” समोरचा हमखास आकडा शोधतो, नाहीतर “असं काय बोलता, धीर धरा” म्हणून मोकळा होतो. आमच्या प्रशिक्षक तिथेच थांबवायच्या. “त्यांना आधी विचार, आज हे का मनात आलं?” मग गप्प बसायचं. ही शांतता फार जड जाते, काहीतरी बोलून टाकावंसं वाटतं. पण उत्तर बहुधा तिच्यातूनच येतं: मुलाची परीक्षा होईपर्यंत तग धरेन का, किंवा शेवटी श्वास कोंडेल का. दुसऱ्या भीतीवर सांगण्यासारखं आपल्याकडे खूप असतं, पण ती आधी कळायला हवी.

नातेवाईक दाराबाहेर गाठून “त्यांना काही सांगू नका” म्हणतात. वाद घालू नका. त्यांना कशाची धास्ती आहे ते ऐका, आणि पेशंटला स्वतःला किती जाणून घ्यायचंय ते त्यालाच विचारा. बऱ्याचदा त्याने सगळं केव्हाच ओळखलेलं असतं.

कोर्स निवडताना एवढं जरूर विचारा: खाटेजवळ तुमचं बोलणं कोणी अनुभवी माणूस ऐकणार आहे का, आणि नंतर त्यावर तुमच्याशी बोलणार आहे का? नुसती व्याख्यानं असतील तर दुसरा कोर्स बघा.