कार्डिनल फीडरवर येत नाही? या चुका टाळा

न्यू जर्सीत झाडं उघडीबोडकी झाली की डेकवरचा एक लालभडक कार्डिनल पक्षीसुद्धा घरातल्या सगळ्यांना खिडकीशी गोळा करतो. फीडर, म्हणजे पक्ष्यांच्या दाण्यांचं भांडं, टांगूनही तो फिरकत नसेल तर ‘आमच्या भागात नसेल’ अशी समजूत करून घेऊ नका. हा पक्षी स्थलांतर करत नाही, बर्फातही इथेच असतो. शेजाऱ्यांकडे जात असेल, इतकंच.

पहिली चूक फीडरची. दुकानात हमखास मिळतो तो नळीसारखा फीडर आम्हीही आणला. त्यावर फिंच हे इवले पक्षी मजेत खायचे, कार्डिनल मात्र जवळच्या फांदीवर बसून बघायचा आणि उडून जायचा. त्याचा बांधा चिमणीपेक्षा बराच मोठा. दाण्याकडे तोंड करून, पाय रोवून बसायला त्याला ऐसपैस जागा लागते. आखूड दांडीवर अंग मुरडून खाणं त्याला जमत नाही. शेवटी नळीखाली एक रुंद ताटली अडकवली. चौथ्या दिवशी जोडी हजर!

दुसरी चूक दाण्यांची. स्वस्त मिश्रणाच्या पिशवीत लाल ज्वारी भरपूर असते. आपल्याला ज्वारीचं कितीही प्रेम असलं तरी इथले बहुतेक पक्षी ती उपसून खाली टाकतात आणि मग उंदरांची सोय होते. कार्डिनलची जाड चोच टरफल फोडण्यासाठीच घडलेली आहे, म्हणून त्याला काळं सूर्यफूल द्या, नाहीतर करडई. हो, आपली तेलाची करडई! ती इथे ‘सॅफ्लॉवर’ नावाने पक्ष्यांच्या खाद्यात मिळते. खारी आणि ग्रॅकल हे काळे पक्षी सहसा तिच्या वाटेला जात नाहीत. (सहसा. आमच्याकडची एक खार जाते.) फोडणीचा भात, शेव, पोळीचे तुकडे मात्र ठेवू नका. मीठ आणि तेल पक्ष्यांना बाधतं. पुण्याहून आलेल्या आईला हे पटवणं फीडर लावण्यापेक्षा अवघड गेलं.

वेळही चुकते. कार्डिनल पहाटे सगळ्यात आधी येतो आणि दिवेलागणीला सगळ्यात शेवटी जातो. दहा वाजता चहा घेऊन बसलात तर बहुधा खारच दिसेल.

फक्त लाल रंग शोधत बसलात तर अर्धी गंमत हुकते. मादी बदामी-भुरकट, तुऱ्यावर आणि पंखांवर लालसर झाक असलेली. चोच मात्र नरासारखीच केशरी. तशाच रंगाचा, पण काळपट चोचीचा दिसला तर ते पिल्लू. मादीही गाते. वसंतात नर दाणा सोलून तिच्या चोचीत भरवतो, तेव्हा हातातलं काम टाकून बघावं. उन्हाळा सरताना डोक्यावरची पिसं झडलेला टकला कार्डिनल दिसला तर घाबरू नका. बहुतेक वेळा ती पिसं बदलण्याची वेळ असते, पुन्हा उगवतात.

फीडर काचेपासून ३ फुटांच्या आत लावा, नाहीतर ३० फुटांच्या पलीकडे. मधल्या अंतरावरून उडालेला पक्षी वेगाने काचेवर आदळतो. दर दोन आठवड्यांनी फीडर धुऊन पूर्ण वाळवा. बुरशी धरलेले दाणे फेकून द्या.

आणि एप्रिल-मेमध्ये नर खिडकीवर चोच आपटू लागला तर त्याला भूक लागलेली नसते. काचेतलं प्रतिबिंब त्याला हद्दीत घुसलेला दुसरा नर वाटतं. पडदा आतून ओढून फायदा नाही, काच बाहेरून झाकावी लागते. हे दिवसचे दिवस, कधी आठवडेही चालतं. आमच्या गाडीच्या दोन्ही आरशांवर त्या काळात जुने मोजे चढवलेले असतात. शेजाऱ्यांनी आता कारण विचारणं सोडलंय.