बदनामीची पोस्ट: आधी पुरावा, मग कोर्ट

बदनामीची पोस्ट दिसली की ती रिपोर्ट करून उडवावीशी वाटते. घाई नको. पोस्ट गेली की पुरावाही जातो. स्क्रीनशॉटमध्ये मजकुरासोबत तारीख, वेळ आणि युजरनेम आलं पाहिजे. नाव कधीही बदलता येतं, म्हणून पोस्टची आणि प्रोफाइलची लिंक वेगळी उतरवून ठेवा. पोस्ट वाचलेले दोघे-तिघे साक्षीला तयार आहेत का, तेही पाहा. फक्त तुम्हालाच आलेला मेसेज मानहानीत बसत नाही. ज्या फोनमध्ये स्क्रीनशॉट घेतले तो फॉरमॅट करू नका. स्क्रीनशॉट कोर्टात देताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार प्रमाणपत्र जोडावं लागतं. त्यात उपकरणाचा तपशील आणि फाइलची हॅश व्हॅल्यू (फाइल बदलली की बदलणारा, तिच्या ठशासारखा कोड) येते, दुसरा भाग तज्ज्ञ भरतो. व्हॉट्सॲपवर फिरून आलेली कॉपी नेमकी इथेच अडकते.

पोलीस ठाण्यात बहुधा एनसीवरच (अदखलपात्र गुन्ह्याच्या नोंदीवरच) बोळवण होते, आणि त्यात पोलिसांचा दोष नाही. मानहानी हा अदखलपात्र गुन्हा, म्हणजे कोर्टाच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करू शकत नाहीत. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली तुम्हालाच न्यायदंडाधिकाऱ्यांकडे खासगी फिर्याद द्यावी लागते. मुदत ३ वर्षं. शिक्षा २ वर्षांपर्यंत साधी कैद, दंड, दोन्ही किंवा समाजसेवा. तुमच्या नावाचं बनावट खातं किंवा अश्लील फोटो असेल तर गोष्ट वेगळी: तिथे माहिती तंत्रज्ञान कायदा लागतो, सायबर क्राइम पोर्टलवर लगेच तक्रार करा.

भरपाई हवी तर दिवाणी दावा. त्याची मुदत पोस्ट टाकल्यापासून फक्त १ वर्ष. 'समजुतीने मिटेल' म्हणत लोक नेमकं हेच वर्ष घालवतात. दाव्यासोबतच तात्पुरत्या मनाई हुकमाचा अर्ज द्या. खातं निनावी असेल तर अज्ञात व्यक्तीला प्रतिवादी करा आणि खातेदाराची माहिती देण्याचा आदेश सोशल मीडिया कंपनीविरुद्ध मागा.

दाव्याआधी पोस्टमधलं वाक्य तपासा. 'सेवा भिकार आहे' हे मत झालं. 'याने सोसायटीचे पैसे खाल्ले' हा आरोप. आरोप खरा ठरला तर दिवाणी दावा तिथेच संपतो. फौजदारीत मात्र खरेपणासोबत लोकहितही दाखवावं लागतं.

कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे अर्ज जरूर करा. उत्तर पटलं नाही तर ३० दिवसांत केंद्र सरकारच्या तक्रार अपील समितीकडे जाता येतं. पण मजकूर खरा की खोटा, हे ठरवायला कंपन्या सहसा तयार नसतात. सर्वोच्च न्यायालयाच्या श्रेया सिंघल निकालापासून (२०१५) मजकूर हटवण्यासाठी कोर्टाचा किंवा सरकारचा आदेश लागतो, असंच त्या धरून चालतात. म्हणून कोर्टातल्या अर्जात 'सर्व बदनामीकारक पोस्ट' असं मोघम लिहू नका. मूळ पोस्ट, इतरांनी पुन्हा टाकलेल्या प्रती, व्हिडिओ, प्रत्येकाची पूर्ण लिंक द्या. यादीत नसलेली लिंक बहुतेक वेळा तशीच राहते.