सागवानी जिन्याला नवं पॉलिश करताय? आमच्या या चुका टाळा

गावच्या घरी माडीवर जायला जुना सागवानी जिना आहे, चौदा पायऱ्यांचा. गणपतीला पाहुणे येणार म्हणून ऐन ऑगस्टात काम काढलं, पहिली चूक तीच. हवा एवढी दमट की मेलामाइन नावाच्या पॉलिशचा हात मारल्यावर थोड्याच वेळात पायऱ्यांवर पांढरट थर आला, दुधावर साय धरते तसा. पॉलिश पातळ करायला घातलेला थिनर भराभर उडतो, लाकडाचा वरचा भाग गार पडतो आणि हवेतला ओलावा तिथेच बसतो. शेवटी सगळं घासून दिवाळीनंतर परत केलं.

आणि मेलामाइन तरी का? तर मी मिस्त्रीला म्हणालो होतो, "दाराला केलंय तेच मार." अहो, दाराला हात लागतो, जिन्याला पाय, आणि पायांबरोबर अंगणातली वाळू येते! मेलामाइन कडक असतं पण ठिसूळ, पायरीच्या कडेला आधी टवके उडतात. लाखेचं पॉलिश दिसायला एक नंबर, पण पाण्याचे थेंब राहिले की पांढरे डाग, म्हणून ते कठड्यालाच ठेवा. पायऱ्यांना पीयू, म्हणजे पॉलियुरेथेनचं पॉलिश घ्या, हार्डनर (पॉलिश कडक करणारं द्रव्य) मिसळायचं असतं ते, आणि तेही मॅट, ग्लॉसीवर ओला पाय सरकतो. हार्डनर मात्र डब्यावरच्या मापानेच, अंदाजाने ओतला की पीयू चिकटच राहतं आणि मग खरवडत बसायचं.

अजून एक, खाली आधी काय मारलंय ते बघा. कोपऱ्यात स्पिरिटचा बोळा घासा, चिकट होऊन बोळ्याला रंग आला तर लाख आहे. त्यावर किंवा जुन्या मेणावर डायरेक्ट पीयू मारलं तर पापुद्रे निघणार, त्यामुळे लाकूड उघडं होईपर्यंत पॉलिश पेपर मारा, ८० नंबर, मग १२०, मग १८०. सागाला स्वतःचं तेलही असतं, हात मारायच्या जरा आधी थिनरच्या फडक्याने पुसून घ्या.

आणि एक दिवसाआड एक सोडून एक पायरी करा हो. आम्ही चौदाच्या चौदा एकदम केल्या, आणि माडीवर झोपलेले काका सकाळी वरच अडकले, चहा दोरीला टोपली बांधून खिडकीतून वर पाठवला.