पेनड्राईव्ह कपाटात ठेवण्याआधी

जात्यावरच्या ओव्यांचं रेकॉर्डिंग, सप्ताहातली कीर्तनं, लग्नाचा व्हिडिओ, जुन्या फेरफारांचे स्कॅन. जे काही दोन-तीन वर्षं हात न लावता ठेवायचं असेल, त्याची तयारी फेब्रुवारीतच उरका. एप्रिल उजाडला की परभणी-नांदेडकडे पारा चाळिशीपार जातो, आणि फ्लॅशचं, म्हणजे पेनड्राईव्ह-मेमरी कार्डातल्या साठवणीच्या चिपचं, खरं वैर उष्णतेशीच आहे.

सगळ्यात आधी, कॉपी करण्याच्याही आधी, हॅशची फाईल बनवा. हॅश म्हणजे फाईलमधल्या मजकुरावरून निघणारा आकड्या-अक्षरांचा ठसा, फाईल जराशी बदलली तरी तो बदलतो. मूळ मेमरी कार्डावरूनच बनवा, कॉपीवरून नाही. विंडोजवर नवं सेव्हन-झिप टाकलं की फोल्डरवर उजवी क्लिक केल्यावर सीआरसी-शा असा मेनू येतो. त्यातून शा-२५६ची (हॅश काढायची एक पद्धत) फाईल बनते. लिनक्सवर शा२५६सम ही कमांड आहेच. ही फाईल नसेल तर तीन वर्षांनी दोन प्रतींमध्ये फरक निघाला की खरी कोणती ते कळायला मार्ग नाही. दोन्हींचा आकार तोच, तारीख तीच. फोटो उघडतो, पण खालचा अर्धा भाग करडा. ओवी वाजते आणि मधेच टचकन तुटते. म्हणून म्हणतो, आधी हॅश. कार्ड फॉरमॅट करायची घाई नंतर.

आता खरेदी. दोन ड्राईव्ह घ्या, दोन वेगळ्या कंपन्यांचे. बाजारच्या दिवशी हातगाडीवर मिळणारे ‘१ टीबी’वाले घेऊ नका. आत ८-१६ जीबीची चिप असते आणि तिला चालवणारा कंट्रोलर संगणकाला खोटा आकार सांगतो. त्यापुढे लिहिलेलं कुठलाही एरर न देता गायब होतं. चांगल्या दुकानातून घेतलेलाही तपासा: विंडोजवर एच२टेस्टडब्ल्यू हा प्रोग्रॅम, लिनक्सवर एफ३. दोन्ही पूर्ण ड्राईव्ह भरून परत वाचतात. सेकंदाला १० एमबी वेग असेल तर ६४ जीबी नुसतं लिहायलाच पावणेदोन तास लागतात, तेव्हा लाईट जायची वेळ बघून बसा.

वेष्टनावर आतली चिप कुठली ते बहुधा लिहिलेलं नसतं. मोठ्या आणि स्वस्त ड्राईव्हमध्ये टीएलसी किंवा क्यूएलसी प्रकारची चिप धरून चाला. एका सेलमध्ये टीएलसी ३ बिट ठेवते म्हणजे विद्युतभाराच्या ८ पातळ्या, क्यूएलसी ४ बिट म्हणजे १६. पातळ्या जितक्या दाटीवाटीच्या, तितका थोडाही भार झिरपला तरी सेल शेजारच्या पातळीत घसरतो. एसएसडीसाठी (संगणकातली फ्लॅशवरची डिस्क) जेडेक या चिपांची मानकं ठरवणाऱ्या संस्थेचं मानक आहे. लिहिण्याची ठरलेली मर्यादा संपलेला घरगुती एसएसडी वीज न देता ३० अंशांवर १ वर्ष, सर्व्हरचा ४० अंशांवर ३ महिने टिकला पाहिजे. नवा ड्राईव्ह यापेक्षा बराच जास्त टिकतो, घाबरू नका. पण वर्षानुवर्षं मोबाईलमध्ये घासलेलं कार्ड ‘रिकामंच आहे’ म्हणून साठवणीला काढू नका. आणि पेनड्राईव्हला ते मानक लागूही नाही.

फॉरमॅट एक्सफॅट. फॅट३२वर ४ जीबीपेक्षा मोठी फाईल बसतच नाही, लग्नाचा व्हिडिओ तिथेच अडतो. सगळं एका भल्यामोठ्या झिपमध्ये कोंबू नका, एक कोपरा बिघडला तर अख्खं गाठोडं अडकू शकतं. फायली सुट्या ठेवा, मल्टीपार या प्रोग्रॅमने १० टक्के पार२ फायली, म्हणजे दुरुस्तीसाठीची जादा माहिती, जोडा. थोडं बिघडलं तर त्यातून दुरुस्त होतं. पासवर्ड घालणार असाल तर तो कागदावरही लिहा.

कॉपी झाली? लगेच पडताळू नका. नुकतीच कॉपी केलेली फाईल संगणक बऱ्याचदा स्वतःच्या रॅममधूनच वाचून दाखवतो, ड्राईव्ह न वाचताच ‘सगळं बरोबर’. इजेक्ट करा, काढा, परत लावा, मग हॅशशी ताडून बघा. दोन्ही ड्राईव्हवर. हॅशची फाईलही दोन्हींवर टाका आणि तिसरी प्रत ईमेलने स्वतःला पाठवा. केबीतली फाईल आहे, कंजुषी काहून करायची? हे होईपर्यंत मूळ कार्डाला हात लावायचा नाही.

ठेवायची जागा: पत्र्याची खोली नाही, खिडकीजवळचं लोखंडी कपाट नाही, गाडीचा डॅशबोर्ड तर मुळीच नाही. माळवदाचं घर असेल तर आतल्या अंधाऱ्या खोलीतला कोनाडा उत्तम. झिपच्या पिशवीत सिलिका जेलची पुडी, पिशवीवर मार्करने तारीख आणि आत काय ते. दुसरा ड्राईव्ह दुसऱ्या गावी, बहिणीकडे वगैरे.

सगळ्या फायलींची तिसरी प्रत हार्ड डिस्कवर हवीच. फक्त फ्लॅशवर भरवसा नको.

वर्षातून एकदा नुसतं लावून काढल्याने सेल ताजे होतील याची खात्री नाही. सगळं संगणकावर उतरवा, हॅशशी ताडा, बिघडलेलं दुसऱ्या प्रतीवरून घ्या, ड्राईव्ह फॉरमॅट करून परत लिहा, काढून-लावून पुन्हा ताडा. मोबाईलच्या कॅलेंडरमध्ये दरवर्षी १ फेब्रुवारीला टाकून ठेवा. पाचेक वर्षांनी ड्राईव्हच बदला.